काकांची डिस्क

कोकणात नातं जितकं लांबचं, तितकं काम जवळचं निघतं. सख्ख्या भावाला काही सांगायचं तर माणूस चार दिवस आढेवेढे घेतो. लांबच्या पुतणीला सांगायला सकाळी सातचा एक फोन पुरतो.

"मी नागावचा काका बोलतोय. तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना गो?"

मी कॉम्प्युटरमध्ये नाही. मी एका कंपनीचे हिशेब बघते आणि कॉम्प्युटर माझ्यासमोर असतो. पण कुठल्याशा बारशाला कुणाच्या तरी मोबाइलमधून पुसले गेलेले फोटो मी परत आणून दिले आणि तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात माझं शिक्षण, नोकरी आणि पुढचं आयुष्य परस्पर ठरून गेलं.

"डिस्क चाललीय म्हणतो इथला मुलगा," काका म्हणाले. "म्हटलं, घरचं माणूस असताना बाहेरच्याला कशाला हात लावू द्या?"

घरचं माणूस म्हणजे मी. हे काका आपले नक्की कोण, म्हणून आईला विचारलं. आई म्हणाली, "माझ्या आत्याच्या सासरचे." मग जरा थांबून, "नाही गं, ते नागोठण्याचे. हे नागावचे."

"मग हे कोण?"

"हे आपलेच."

आमच्या घरात चौकशी या उत्तरापलीकडे जात नाही. शेवटी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "सगळं व्यवस्थित लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरमध्ये आहे. तो सुरू झाला की सांगतो."

थोडक्यात, मी त्यांची नातेवाईक आहे की नाही हे कळायला मला आधी नातेवाईक म्हणून जाऊन डिस्क बदलायची होती.

काका निवृत्त शिक्षक. शाळा सुटल्यावर त्यांनी कुलवृत्तांत हाती घेतला. एका आडनावाच्या सगळ्या शाखा, कोण कुठून कुठे गेला, कोणाला मुलगे किती, कोण दत्तक गेला आणि कोण नुसताच गेला, हे एका जाडजूड पुस्तकात कोंबायची आपल्याकडची ही जुनी हौस. काकांनी गावोगावची टिपणं, पोस्टकार्डं, जुन्या जन्मपत्रिका जमवून एका ट्रंकेत ठेवल्या होत्या आणि एका बोटाने त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवत आणल्या होत्या. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, ट्रंक भिजली आणि सात पिढ्यांचा लगदा झाला. कॉम्प्युटर तेवढा वाचला, कारण काकूंनी त्याच्यावर आधी मेणकापड आणि वर स्वतःची गादी टाकली होती. तो वाचलाय हे कळायला मात्र वीज यायला हवी होती, आणि ती सावकाश आली.

म्हणजे कागद गेले आणि घराण्याची एकच प्रत उरली. ती ज्या तबकडीवर होती, ती आता वाजू लागली होती.

"कसा आवाज येतो?" मी विचारलं. काकांनी फोन यंत्राला लावला. अडकित्त्यात सुपारी धरून कुणीतरी सवडीने कातरतंय, असा आवाज.

"सुरू व्हायला किती वेळ लागतो?"

"बटण दाबायचं आणि शिंपणाला जायचं. झाडांना पाणी घालून परत आलं की निम्मं झालेलं असतं."

"आता बंद करून ठेवा. मी येईपर्यंत लावू नका."

"छे, बंद केला तर परत लागणार नाही. म्हणून आठवडाभर बंदच केलेला नाही. फारच कुरकुरला तर वरून एक थाप मारतो."

ही डिस्क म्हणजे चुंबकी लेपाची तबकडी. मिनिटाला ७,२०० फेरे घेते, आणि तिच्यावरून वाचणारं टोक काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. तेवढ्या फटीत धुराचा कणसुद्धा मावत नाही. तिथे निवृत्त शिक्षकाची थाप म्हणजे काय प्रकार असेल, याची कल्पना करून मी रजा टाकली.

नवी डिस्क घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले. त्याचा डॉ. भडकमकर मार्ग झाला आहे, हे तिथल्या पाट्यांना ठाऊक आहे. बाकी कुणाला नाही. ५०० जीबीची एसएसडी घेतली, जोडीला एक केबल. दुकानदाराने किंमत सांगितली, मी त्याहून बरीच खाली सांगितली. त्याने माझ्याकडे दयेने बघून विचारलं, "अलिबाग से आई हो क्या, मॅडम?"

"नहीं," मी म्हटलं, "जा रही हूँ."

या प्रश्नाला सरळ उत्तर मिळायची त्याला सवय नसावी. तो इतका गडबडला की पन्नास रुपये आपसूक कमी झाले. हा प्रश्न विचारायला बंदी घालावी म्हणून २०१९ मध्ये कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली; विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा त्यातला भावार्थ. अलिबागकरांनी मनाला लावून घेतलं नाही. मुंबईकरांना बंगल्यासाठी जागा विकून त्यांनी हिशेब वेगळ्या रीतीने चुकता केला आहे.

गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच पकडली. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो; एरवी तासाभरात माणूस पलीकडे. वरच्या मजल्यावर बसायला जादा पैसे पडतात, आणि ते देऊन माणसं सीगल पक्ष्यांना गाठी खायला घालतात. मी खालीच बसले, पिशवी पोटाशी धरून. खारी हवा तांब्याला आणि जोडण्यांना सोडत नाही, म्हणून डिस्क तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधली होती. शेजारी चौलच्या एक बाई होत्या. त्यांनी बराच वेळ बघून घेतलं.

"काय हो एवढं नाजूक?"

"डिस्क आहे. आमच्या काकांची गेली. बदलायला चाललेय."

"अगंबाई! आमच्या ह्यांची सरकली होती. तीन महिने फळीवर निजवलं. तुमच्या काकांचं कसं कळलं?"

"टकटक वाजायला लागली."

"वाजायला लागली म्हणजे वेळ नाही घालवायचा."

"म्हणून तर नवीन घेऊन निघाले."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "पिशवीतनं नेतात? बसवणार कोण मग?"

"मीच. चार स्क्रू तर काढायचेत."

बाई जरा सरकून बसल्या. मग कुतूहलाने भीतीवर मात केली असावी. मांडवा येईपर्यंत त्या मला 'डॉक्टर' म्हणत होत्या, आणि उतरायच्या आधी त्यांनी मला उजवा गुडघा दाखवून घेतला. मी हलक्या हाताने दाबून पाहिला आणि वजन कमी करा म्हणून सांगितलं. हा सल्ला कुठल्याही शाखेचा डॉक्टर देतोच.

मांडव्याहून बसने अलिबाग. तिथून नागावला जायला मिनीडोर. मिनीडोर भरल्याशिवाय सुटत नाही, आणि 'भरला' म्हणजे काय, हे ठरवायचा अधिकार चालकाकडे असतो. माझा मिनीडोर माझ्या मते केव्हाच भरला होता. त्याच्या मते अजून कुणी बसलंच नव्हतं. तेवढ्यात किनाऱ्याच्या बाजूला चक्कर मारून आले. तिथे एक संस्था गुपचूप बसलेली आहे, जिच्याकडे पर्यटक ढुंकून बघत नाहीत: चुंबकीय वेधशाळा.

मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ जगभरच्या तारायंत्रांना झटके देऊन गेलं, त्याची नोंदही कुलाब्याच्या वह्यांत आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं घाटू लागलं. ट्राम धावली की त्या विजेने वेधशाळेतल्या सुया थरथरणार आणि पृथ्वीऐवजी ट्रामचं वेळापत्रक नोंदलं जाणार, हे उघड होतं. संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडलं. १९०४ मध्ये इथे काम सुरू झालं. इमारतीत लोखंड वर्ज्य. दगडसुद्धा चुंबकाला दाद न देणारा, पारखून घेतलेला. आणि खरं शहाणपण त्यापुढचं. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, आकड्याला आकडा ताडून पाहिला, आणि मगच जुन्या जागेला निरोप दिला. ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर नोंदवही सुखरूप अलिबागला पोचली होती. म्हणून आज एवढ्या जुन्या काळापासूनची सलग चुंबकीय नोंद जगात मोजक्या ठिकाणी आहे, त्यांतली एक आपल्याकडे.

जुनं चालू असतानाच नवं शेजारी लावायचं, ताळा जमला की जुनं उतरवायचं. नानाभाईंनी हे वादळाआधी केलं. आमच्या काकांनी त्या वेधशाळेपासून मिनीडोरच्या अंतरावर राहून सात पिढ्या एका तबकडीवर ठेवल्या आणि वर थापा मारल्या.

मिनीडोर शेवटी चालकाच्या समाधानापुरता भरला. माझ्या मांडीवर एका आजीबाईंची कोंबडी होती आणि डिस्क कोंबडीपासून दूर, छताला टेकवून धरलेली. अक्षी गेली, नागाव आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या, नारळ, पोफळी, आणि दर दोन वाड्यांआड 'घरगुती जेवण व राहण्याची सोय'. काका फाटकाशीच उभे होते.

"आलीस? चहा घे. नाहीतर आधी बघतेस का? तो मघापासून फारच कातरतोय."

यंत्र माजघराच्या कोपऱ्यात पाटावर होतं. पडदा वेगळा आणि खोका वेगळा. खोक्याला घरात सगळे 'सीपीयू' म्हणत. काकूंनी जुन्या साडीचा झगा शिवून त्याला घातला होता. झगा काढला तर खाली खंडेनवमीचं हळदकुंकू आणि एक वाळकं आपट्याचं पान. सात पिढ्यांनी शस्त्रं पुजली होती, आठव्या पिढीने सीपीयू.

बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ, काथ्याचा बारीक भुसा, मुंग्यांची एक थांबलेली वसाहत, आणि वीजपुरवठ्याच्या डब्यामागे पालीची दोन अंडी. मी ती काढणार तर काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"असू दे. बाळंतीण असेल ती."

मग मी बाळंतिणीला धक्का न लावता काम करायचं ठरलं. डिस्कचे चार स्क्रू. दोन सुटले, तिसरा कुरकुरत सुटला, चौथ्याने खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढली होती की त्याची खाच आणि गंज यांत फरक उरला नव्हता. काकांनी त्यांचा पेचकस आणला. तो रहाटाच्या जमान्यातला असावा, कारण त्याच्या टोकात डिस्कच मावली असती. शेवटी काकूंनी वाटीतून खोबरेल तेल आणलं, काडीने दोन थेंब स्क्रूच्या बुडाशी सोडले आणि म्हणाल्या, "आता जेवून घ्या. तेल मुरायला वेळ लागतो. माणसाचंही तसंच असतं." जेवणात वालाचं बिरडं होतं. हात धुऊन आल्यावर स्क्रू मुकाट्याने फिरला.

काकांनी नवी एसएसडी तळहातावर तोलली. "यात काही आहे, की नुसताच डबा?"

"यात फिरणारं काही नाही. म्हणून आवाज नाही."

"आवाज नाही म्हणजे चाललीय हे कळणार कसं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी इतिहास सांगितला. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात पन्नास तबकड्या होत्या, वजन एक टनाहून जास्त, आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची. आज मोबाइलमधले दोन फोटोही तिच्यात धड मावले नसते. काका म्हणाले, "पण तिला थाप मारायला जागा तरी होती."

जुनी डिस्क आणि नवी डिस्क, दोन्ही केबलने जोडल्या आणि पेन ड्राइव्हवरून नक्कल करणारा प्रोग्रॅम लावला. आजारी डिस्कवरून नक्कल करताना एक पथ्य असतं. जिथे डिस्क अडते तिथे तिच्याशी हुज्जत घालायची नाही. ती जागा टिपून ठेवायची, पुढे जायचं, जे सुखासुखी मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्यायचं आणि हट्टी जागांकडे मग परतायचं. हा प्रोग्रॅम तसंच करतो, आणि कुठवर आलो याचं टिपणही ठेवतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. काकांना हे फार पटलं. "वसुलीला गेलं की असंच करावं," ते म्हणाले.

पडद्यावर आलं: उरलेला वेळ ३ तास. पाच मिनिटांनी आलं: उरलेला वेळ ११ दिवस. काका खुर्चीत बसले. मी म्हटलं, "तो असाच सांगतो. आपण इथे बसून त्याचा वेग वाढणार नाही."

"मग चल, तुला अक्षी दाखवतो. ही बसेल इथे."

काकूंना यंत्रासमोर बसवलं. टक्के वाढतात तो आकडा कुठला ते दाखवलं. आम्ही स्कूटरवर निघालो ते त्यांच्या तोंडी धावत्या वर्णनासकट. फाटक ओलांडायच्या आत पहिला फोन आला. "एक आकडा वाढला. दुसरा कमी झाला. बरोबर आहे ना?"

अक्षीला तो प्रसिद्ध शिलालेख आहे. बरीच वर्षं रस्त्याकडेला दुर्लक्षित होता, आता त्याला मानाने उभं केलंय. वर चंद्र-सूर्य, खाली ओबडधोबड नागरी अक्षरांच्या ओळी. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, तसं धरलं तर काळ कोरलेला हा मराठीतला सगळ्यात जुना लेख. कोकणच्या शिलाहार केशीदेवरायाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी दर शुक्रवारी धान्य द्यायचं ठरवलं, त्याची ही पावती. राजा गेला, प्रधान गेला, धान्य मोजायचं ते मापही गेलं. पावती आहे.

"तुझ्या डिस्कची वॉरंटी किती?" काकांनी विचारलं.

"तीन वर्षं."

काकांनी दगडाकडे बोट केलं. "ही हजार वर्षं. आणि बिल मागायला कुणी गेलं नव्हतं."

"पण काका, यात नऊच ओळी आहेत. तुमच्या कुलवृत्तांताला दगड किती लागतील?"

काका मनातल्या मनात गुणाकार करू लागले. पाथरवट अक्षरावर पैसे घेतात की ओळीवर, इथपर्यंत ते आले आणि मग त्यांनी नाद सोडला. तेवढ्यात काकूंचा फोन. "लाल अक्षरात काहीतरी आलंय. मी देवाजवळ दिवा लावलाय. अजून काही करायचंय?"

शिलाहारांच्या काळातल्या दानलेखांना शेवटी एक कलम असतं. दान मोडणाऱ्याला शाप. तो सभ्य शब्दांत नसतो. त्यात मोडणाऱ्याची आई असते आणि एक गाढव असतं. कुठे तो नुसता लिहिलेला असतो, कुठे वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी चित्रच कोरलेलं असतं. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. मी काकांना त्याबद्दल विचारलं. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेला माणूस. ते म्हणाले, "ते पुढचं तू कुठेतरी वाच. मी जरा समुद्र बघून येतो."

परतताना काकांना मला पुढे रेवदंड्यापर्यंत न्यायचं होतं. मी नको म्हटलं, म्हणून त्यांनी रेवदंडा स्कूटरवरच सांगितला. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्याला आहे. घोड्याचा धंदा काही त्याला लाभला नाही. घरी पोचायच्या आत वाटेतच तो वारला. पण त्याच्या वह्या मॉस्कोला पोचल्या, लेखनिकांनी त्यांच्या नकला केल्या, म्हणून चौलच्या बायका काय नेसतात आणि राजा डोक्याला काय गुंडाळतो, ते रशियनांना आजही वाचता येतं. "नक्कल केली म्हणून," काका वाऱ्यावर ओरडले, आणि मग त्यांना आपली ट्रंक आठवली असावी, कारण नागाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

घरी पोचतोय तो वीज गेलेली. काकू अंधारात, यंत्र मात्र उजेडात. "इन्व्हर्टरवर दोन्ही चालेना," त्या म्हणाल्या. "पंखा बंद केला, तुमचे पूर्वज चालू ठेवले."

रात्रभर कातरकाम चाललं. सकाळी पडद्यावर आकडा होता ९९.९८ टक्के. जुनी डिस्क काढली, कागदात गुंडाळली, वर तारीख टाकली आणि नानाभाईंच्या धोरणानुसार, नव्याचा ताळा जमेपर्यंत फेकायची नाही, असं काकांना बजावलं. नवी बसवली. काकांनी बटण दाबलं आणि सवयीने शिंपणाला निघाले. ते ओटीवर पोचायच्या आत पडदा उजळला होता.

काका परत आले, बघत राहिले. "एवढ्यात? मग मी शिंपणाला जाणार कधी?"

पुढे नवीच तक्रार. ५०० जीबीची डिस्क पडद्यावर ४६५ दाखवत होती. "पस्तीस जीबी कुठे गेले? बिल आणलंस ना?" मी समजावलं, की बनवणारा हजाराने मोजतो आणि यंत्र १०२४ ने मोजतं, तेवढाच फरक, कुणी काही चोरलेलं नाही. काकांनी कागदावर हिशेब करून पाहिला, जमला, तरी बिल मागून घेतलं.

हरवलं काय, ते पाहिलं. एका लग्नाच्या पंगतीचे काही फोटो खालून निम्मे करडे झाले होते. माणसं राहिली, पानं गेली. कुलवृत्तांत पूर्ण होता. दुसरी प्रत म्हणून तो माझ्या लॅपटॉपवर घेतला आणि उघडला, तर एकही नाव मराठीत नाही. मूळपुरुषाच्या जागी डॉलर, टक्का आणि दोन कंस. काका मटकन खाली बसले. "बाटले सगळे."

बाटले नव्हते. युनिकोडच्या आधीचा कुठलासा फॉन्ट होता. तो ज्या यंत्रात आहे तिथेच ती अक्षरं अक्षरं असतात, बाकी ठिकाणी चिन्हं. काकांच्या यंत्रातून फॉन्ट आणून लॅपटॉपमध्ये टाकला आणि मूळपुरुष स्वगृही परतले. हे सगळं युनिकोडमध्ये घेतलं नाही तर नातवंडांना पूर्वज डॉलरमध्येच भेटतील, असं मी सांगितलं. नातवंडं अमेरिकेतच असतात, असं काकू म्हणाल्या.

आता माझा विषय. आईच्या आजीचं माहेर याच घरातलं, एवढं काकांना पक्कं आठवत होतं. पान शोधलं. खापरपणजोबांचं नाव, गाव, वृत्ती, हयातीची सालं. खाली: पुत्र ३, त्यांची नावं, व्यवसाय, एकाच्या हस्ताक्षराबद्दल स्तुतीपर दोन ओळी. त्याखाली: 'कन्या २ (विवाहित).'

मी खालीवर पाहिलं. काकांनीही पाहिलं. "तिथली डिस्क खराब झाली असेल," ते म्हणाले.

"नाही काका. हे पान पूर्ण आलंय."

मागची पानं काढली, पुढची काढली. कन्या ४ (विवाहित). कन्या १ (अल्पवयात वारली). कन्या ३. खराब जागा प्रोग्रॅमने रात्रभर खरवडून काढल्या होत्या; पण लिहायचंच राहून गेलेलं कुठल्या प्रोग्रॅमने काढायचं? काका चष्मा पुसू लागले. "टिपणं तशीच आली गो. आणि ती ट्रंक गेली..."

"ट्रंकेतही नव्हती," काकू दारातून म्हणाल्या. "त्या दोघीतली थोरली म्हणजे हिची." आणि त्यांनी माझ्या आईच्या आजीचं माहेरचं नाव सांगितलं, सासरचं सांगितलं, ती कितव्या वर्षी दिली, पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा पाऊस किती होता आणि रेवसची लाँच बंद म्हणून कशी अडकली, तेही सांगितलं. मग धाकटीचं. सासूबाईंनी त्यांना शिंपण करता करता सांगितलेलं सगळं, आणि सासूबाईंना त्यांच्या सासूने. या वाडीतली ही एकमेव प्रत, जिचा बॅकअप कुणीच घेतला नव्हता, आणि गादी टाकून जिने यंत्र वाचवलं तीच ती.

काकांनी बोटावर पिढ्या मोजल्या आणि गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईच्या आजीचा भाऊ, त्याचा मी नातू. म्हणजे मी तुझा काका नाहीच. मामा."

"आणि मी मामी," काकू म्हणाल्या. "भाचीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. पुतणीला नारळावर भागलं असतं." मामा काहीसे सचिंत दिसले.

दुपारपर्यंत मामी सांगत होत्या आणि मामा एका बोटाने टाइप करत होते. कन्या २ ची दोन माणसं झाली, कन्या ४ ची चार. मध्येच मामा म्हणत, "सेव्ह करू?" मामी म्हणत, "थांबा, पेणच्या राहिल्यात." पेणच्या झाल्या, मुरुडच्या झाल्या, एक जी कुणाला न सांगता नाटक कंपनीबरोबर गेली होती तीही झाली, तिथे मामांचं बोट अडखळलं, मामींनी नुसतं पाहिलं, आणि ती नोंद संपूर्ण आली.

"आता शेवटी एक ओळ घाला," मामी म्हणाल्या. "दगडावर असते तशी. पुढच्या आवृत्तीत जो कोणी मुलींची नावं गाळील, त्याची..."

मामांनी कळफलकावरून हात काढून घेतले. "तेवढं तू कर गो," मला म्हणाले, आणि शिंपणाला निघून गेले.

मी ती ओळ टाइप केली आणि तीन ठिकाणी सेव्ह केली.